पडवी, पन्हळ आणि क्रौंच : विस्कॉन्सिनमधले तीन दिवस

बाबा अमेरिकेत आले ते दोन वह्या आणि एक घड्याळ घेऊन. वह्यांचं नवल नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली तेव्हापासून रोज संध्याकाळी चार ओळी लिहायच्या हा त्यांचा नेम आहे. पळस कधी फुलला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे किती. घड्याळ चावीचं. विमानतळावरच म्हटलं, "बाबा, इथली वेळ लावून घ्या." तर म्हणाले, "राहू दे गं. तिकडे तुझी आई काय करत असेल ते कळतं."

मी शिकागोत एका वास्तुरचनेच्या ऑफिसात काम करते. गेली दोन वर्षं माझ्या गळ्यात 'हरित इमारतीं'ची कागदपत्रं पडली आहेत, म्हणजे पर्यावरणाला जपणाऱ्या इमारतींना मिळतं त्या लीड मानांकनाचे गुण जमवायचे. सायकली लावायची सोय केली, घ्या गुण. रंग कमी वासाचा लावला, घ्या गुण. मागच्या वर्षी आमच्या एका इमारतीच्या दारात मानांकनाची चकचकीत पाटी लागली आणि त्या पाटीसमोर चारपाचशे गाड्या मावतील एवढं डांबर पसरलं होतं. मन विटलं होतं. तेच मानांकन मिळवलेलं बॅराबू गावाजवळचं आल्डो लिओपोल्ड सेंटर एकदा डोळ्यांनी बघावं असं कधीपासून होतं. बाबांना पक्ष्यांचं आमिष दाखवलं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो.

पहिला दिवस, शुक्रवार

शिकागो ते मॅडिसन अडीच तास. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं. बाबा तासभर बघत राहिले, मग म्हणाले, "एवढ्या जमिनीत एक बांध नाही."

मॅडिसनला विद्यापीठाचं आर्बोरेटम आहे, म्हणजे अभ्यासासाठी राखलेलं झाडाझुडपांचं रान. त्यातली कर्टिस प्रेअरी बघायला बहुतेक लोक मुद्दाम येत नाहीत, कारण दिसायला ते नुसतं माळरान आहे. गवत माझ्या डोक्याच्या वर, तांब्याच्या रंगाचं, वाऱ्यावर हलणारं. पण हे माळरान माणसांनी लावलेलं आहे. मूळचं प्रेअरीचं गवत नांगराखाली गेलं होतं. या जागी शेती झाली, मग घोडे चरले. १९३५ पासून इथं जुनं गवत परत आणायचं काम सुरू झालं. मंदीचा काळ, बेकार तरुणांना सरकारी कामावर घेतलेलं, त्या पोरांनी हातांनी गवताची ढेकळं लावली. बिघडलेली परिसंस्था ठरवून पुन्हा उभी करण्याचा हा जगातल्या सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी एक. १९३४ च्या जूनमध्ये आर्बोरेटमचं उद्घाटन झालं तेव्हा भाषण करणाऱ्यांत विद्यापीठातले एक प्राध्यापक होते, आल्डो लिओपोल्ड.

गवत लावलं तरी परदेशी गवतं आणि झुडपं ते दाबून टाकायची. १९४० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी तुकडे पाडून जाळून बघितलं. जाळलेल्या तुकड्यात जुनं गवत जोमानं वर आलं. प्रेअरीच्या गवताचा जीव जमिनीखाली असतो. त्यातल्या बिग ब्लूस्टेम नावाच्या गवताची मुळं दोन-तीन मीटर खाली जातात, वरचं जळालं तरी त्याचं काही बिघडत नाही. म्हणून अजूनही तिथं ठरवून आग लावतात.

बाबांना हे पचेना. वणवा विझवायला पोरांना घेऊन डोंगरावर धावलेला माणूस तो. "शाळेत आपण आग लावू नका म्हणून फेरी काढायची आणि इथं सरकारी खर्चानं लावायची?" मी म्हटलं, इथलं गवत आणि आपला डोंगर एक नाही. "ते कळलं गं. जाळरेषा कुठं आहे ते दाखव आधी." जाळरेषा होती, म्हणजे गवत कापून ठेवलेली रुंद वाट. आम्ही तिच्यावरच उभे होतो.

तिथंच एका शाळेची सहल भेटली. दहा-अकरा वर्षांची वीसेक मुलं, चौघाचौघांचे गट, प्रत्येक गटाकडे प्लॅस्टिकच्या नळ्यांची मीटरभर चौकट. चौकट गवतात टाकायची आणि आत जे आहे ते मोजून लिहायचं. एक मुलगा कागद कोरा घेऊन उभा होता, आत काहीच नाही म्हणाला. त्यांच्या बाईंनी त्याला ना झाडाचं नाव सांगितलं ना पुस्तक दाखवलं. म्हणाल्या, खाली बस आणि वाळलेल्या काड्यांवरून बोट फिरव. बोट फिरवता फिरवता एका काडीला लिंबाएवढी गाठ लागली.

गोल्डनरॉडची काडी होती. एका माशीनं वसंतात कोंबात अंडं घातलेलं असतं. अळी आतून खाऊ लागली की झाड तिच्याभोवती फुगत जातं, म्हणजे झाडच तिला घर बांधून देतं. बाईंनी चाकूनं गाठ उभी चिरली. आत पांढरी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी अळी. आणि अळीपासून गाठीच्या सालीपर्यंत एक बारीक बोगदा, फक्त वरची साल शाबूत. मुलगा विचारतो, ही पळणार होती का? नाही, आता नाही. थंडीभर ती आतच राहते, अंगात ग्लिसरॉल साठवते आणि गोठूनही मरत नाही. वसंतात तिची माशी होते, पण माशीला कुरतडायला तोंड नसतं. म्हणून अळी असतानाच, दात आहेत तोवर, बाहेरची वाट खणून ठेवायची.

"दात आहेत तोवर," बाबा मराठीत पुटपुटले आणि वही काढली. आपली कवळी त्यांनी मागच्याच महिन्यात बसवून घेतली आहे.

मुलाच्या कागदावर नंतर अकरा नोंदी झालेल्या मी पाहिल्या. दुसरी गाठ होती ती रिकामी, बाजूला भोक पाडलेलं. चिकडी किंवा सुतार पक्ष्यानं अळी आधीच नेली होती.

मुक्काम रस्त्याकडेच्या एका मोटेलात. हीटरमधून रात्रभर डबा वाजवल्यासारखा आवाज येत होता. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी फोननं आम्हाला नेऊन एका शेताच्या बंद फाटकापाशी सोडलं. तिथून उलटं फिरून पोचलो तर दहा वाजून गेले होते.

लिओपोल्ड कोण हे थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे नाव फारसं ऐकू येत नाही. जन्म १८८७, शिक्षण वनशास्त्राचं, आधी वनखात्यात नोकरी, मग मॅडिसनला लाकडावर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत, १९३३ पासून विद्यापीठात प्राध्यापक. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी ८० एकर जमीन घेतली. जमीन कसली, वाळूच. मका घेऊन घेऊन कस संपलेली, आधीच्या मालकानं सोडून दिलेली, राहतं घर जळालेलं. उभं होतं ते फक्त कोंबड्यांचं खुराडं, आत खताचा ढीग. नवराबायको आणि पाच मुलं दर शनिवार-रविवारी मॅडिसनहून यायची आणि झाडं लावायची. पहिल्या वर्षी दुष्काळ पडला, बहुतेक रोपं वाळली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली. अशी ४० हजारांहून जास्त झाडं, मुख्यतः पाइन. २१ एप्रिल १९४८ ला शेजाऱ्याच्या शेतातलं गवत पेटलं, ते विझवायला लिओपोल्ड धावले आणि तिथंच हृदयविकारानं गेले. ज्या पुस्तकामुळे ते पुढे ओळखले गेले ते छापलेलं त्यांनी पाहिलंच नाही, ते आलं १९४९ मध्ये.

सेंटर उभं आहे ते त्याच जागी, जिथं ते कोसळले. २००७ साली बांधलेलं. लीडचं प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात वरचं मानांकन, आणि कामकाजातला कार्बन शून्यावर आणल्याबद्दल लीडनं मान्यता दिलेली पहिली इमारत. हे सगळं मला पाठ होतं. गाडीतून उतरताना मी पाटी शोधत होते. बाबा खांबाकडे गेले.

खांब गोल होते, म्हणजे झाड जसं होतं तसंच, साल काढून उभं केलेलं. बाबांनी तळहात फिरवला, गाठी चाचपल्या. "रंधा मारलेला नाही." आमच्या वाटाड्यानं, पांढऱ्या दाढीचा स्वयंसेवक होता, सांगितलं की हे लिओपोल्ड कुटुंबानं लावलेल्या झाडांचंच लाकूड आहे. दाट लावलेली पाइनची झाडं एकमेकांचा उजेड खाऊ लागली होती. जंगल निरोगी राहायचं तर काही काढणं भागच होतं.

मी ते बाबांना सांगितलं. "म्हणजे विरळणी," ते म्हणाले. त्या एका शब्दात मला जे दहा पानी अहवालातून कळलं नव्हतं ते कळलं. इमारतीसाठी झाडं तोडली नव्हती, विरळणीत जे निघालं त्याच्या मापात इमारत बसवली होती. आमच्या ऑफिसात आधी चित्र काढतात आणि मग ते लाकूड जगात कुठं मिळेल ते शोधतात. इथं आधी लाकडाची यादी झाली असणार. बारीक खोडं चौकोनी कापली तर निम्मं वाया जातं, गोलच ठेवली तर ताकद टिकते आणि करवतीखाली भुसाही कमी पडतो.

स्वयंसेवकानं एका खोडाची चकती बाबांच्या हातात दिली. बाबा बाकावर बसून नखानं वलयं मोजू लागले. आतली वलयं रुंद, बोटाच्या पेरात चार-पाच. मग बाहेरच्या बाजूला अशी दाटीवाटी की चष्मा काढून डोळ्याजवळ धरावं लागलं. "इथं उजेड कमी पडला," म्हणाले. छप्पन्नपर्यंत मोजलं, मग मी काहीतरी विचारलं आणि मोज चुकली. माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा अर्धा तास बोलले नाही.

इमारतीत दक्षिणेला एक लांब काचेचा पट्टा आहे. त्याला नाव आहे 'थर्मल फ्लक्स झोन'. या पट्ट्याला वेगळं तापवत नाहीत की गार करत नाहीत. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन थेट आत येऊन फरशीवर पडतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, तेव्हा छपराची पुढं काढलेली वळचण त्याला अडवते आणि खिडक्या उघड्या टाकतात. आतल्या खोल्यांना बाहेरची हवा थेट लागत नाही, मध्ये हा पट्टा. मी हे सगळं हातवारे करून समजावलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पडवी आहे की."

तसंच मातीतल्या नळ्यांचं. ताजी हवा बाहेरून सरळ खोलीत घेत नाहीत, आधी जमिनीत पुरलेल्या लांब काँक्रीटच्या नळ्यांतून फिरवतात. वर उणे वीस असो की तीस असो, काही फूट खाली मातीचं तापमान फारसं हलत नाही. हिवाळ्यात हवा वाटेत कोमट होते, उन्हाळ्यात गार. मग उरलेलं काम जमिनीतली उष्णता उपसणारे पंप करतात, आणि वीज छपरावरच्या ३९.६ किलोवॅटच्या सौर पटलांतून. "पेवात धान्य का टिकतं, तेच," बाबा म्हणाले. या माणसाला घेऊन आले नसते तर मी नुसते आकडे उतरवून परत गेले असते.

छपराचं पाणी मात्र मला सगळ्यात आवडलं. पाऊस नव्हता, तरी ते कुठून कुठं जाणार ते चालत बघता येतं. नळ भिंतीत लपवलेला नाही. छपरावरून पाणी दगडी पन्हळीत पडतं, पन्हळीतून बागेत, बागेत मुरतं. शाळेची पोरं पावसात आली तर कागदाची होडी सोडतील. मी असे किती नळ भिंतीत लपवले आहेत! चित्रात तो दिसला की वरिष्ठ म्हणतात, हे झाका.

कार्बनचा हिशेबही त्यांनी असाच उघडा मांडलाय. इमारत चालवताना जो कार्बन हवेत जातो तो एका बाजूला, सौर पटलं आणि भोवतालचं जंगल जे भरून काढतं ते दुसऱ्या बाजूला. बाबांचा प्रश्न : "आपण शिकागोहून गाडी जाळत आलो, ते कुठल्या बाजूला?" मी स्वयंसेवकाला विचारलं. तो हसला, म्हणाला चांगला प्रश्न आहे. उत्तर दिलं नाही.

दुपारी खुराड्याकडे गेलो. इंग्रजीत त्याला नुसतं 'द शॅक' म्हणतात. पाइनच्या रांगांतून वाट जाते. रांगा अजून ओळखू येतात, माणसानं लावलेलं जंगल लगेच कळतं. खुराडं इतकं लहान की सात माणसं आत कशी निजली असतील देव जाणे. भिंतींना चुना, एका बाजूला कुटुंबानंच बांधलेली शेकोटी, दुसऱ्या बाजूला मजली बाज. वीज नाही. संडास बाहेर, वेगळा, आणि त्याला घरातलं नाव 'पार्थेनॉन'. बाबांना अथेन्सचं पार्थेनॉन शिकवायला असायचं. खो खो हसले.

या पाच मुलांपैकी तिघं पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेली. बाबा यावर थोडा वेळ गप्प होते. "शनिवार-रविवार मातीत घालवून," एवढंच म्हणाले.

दाराबाहेर एक साधं बाक, पाठ टेकायला एक तिरकी फळी. उन्हाळ्यात लिओपोल्ड पहाटे साडेतीनला कॉफीचं भांडं आणि वही घेऊन बाहेर बसायचे आणि कोणता पक्षी किती वाजता गायला लागतो ते लिहायचे. पुढे प्रकाश मोजायचं यंत्रही वापरलं, कारण प्रश्न वेळेचा नसून उजेडाचा आहे असं त्यांना वाटलं होतं. कोणतं फूल कधी उमललं, नदीचा बर्फ कधी फुटला, हंस कधी आले, सगळ्याच्या तारखा. १९३६ ते १९४७ च्या त्यांच्या नोंदी, आणि मुलगी नीना हिनं त्याच जमिनीवर परत येऊन १९७६ ते १९९८ या काळात केलेल्या नोंदी, दोन्ही शेजारी ठेवून १९९९ साली एक शोधनिबंध निघाला. वसंतातल्या ५५ घटना तपासल्या. सरासरीनं दर वर्षी ०.१२ दिवस, म्हणजे दहा वर्षांत दिवसाहून थोडं अधिक, सगळं अलीकडे सरकत होतं. काही घटना मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. ज्यांना ऊब नाही तर दिवसाची लांबी जागं करते, त्या का हलतील?

हे सांगून झालं तेव्हा बाबा बाकावर बसले होते, वही मांडीवर. "माझ्या सत्तावीस वह्या आहेत," म्हणाले. "माळ्यावर. आठवीची पोरं पहिल्या दहा वह्या रद्दीत घालायला निघाली होती." मग वर बघून, "१९९४ ची सापडत नाही."

निघताना त्यांच्या पोटरीवर गोचीड सापडली. हरणांवरची, तिळाएवढी. इथं ती चावली की लाइम रोगाची भीती, आणि मोठी झालेली मादी थंडी पडायच्या आधी हिंडतेच. मी घाबरून चिमटा शोधू लागले. बाबांनी आयुष्यभर बैलांच्या काढल्यात. चिमटा कातडीला लावून, सरळ, न पिरगळता, डोक्यासकट काढली आणि कागदात गुंडाळून तारीख घातली.

संध्याकाळी नदीकाठी. आधी नाव नोंदवलेलं होतं, फळ्यांच्या आडोशात दहा-बारा जण. बोलायचं नाही, हलायचं नाही. विस्कॉन्सिन नदी इथं रुंद आणि उथळ, मधे वाळूचे दांडे. सहा वाजता सूर्य बुडाला. पहिले दोन सँडहिल क्रौंच आले ते आवाजावरूनच कळले, दिसले मिनिटभरानं. तो आवाज लिहून दाखवणं मला जमणार नाही. लाकडी चाक खडखडत यावं तसा, पण वरून. त्यांची श्वासनलिका छातीच्या हाडात वळसे घालून बसलेली असते, म्हणून तो इतका लांब जातो. मग थवे. दहा, पंचवीस, परत दहा. पंख न हलवता पाय खाली सोडून उतरायचे आणि घोटाभर पाण्यात उभे राहायचे. रात्री कोल्ह्यासारखं काही आलं तर पाण्याचा आवाज होतो, म्हणून झोपही पाण्यातच. आईबापांच्या मध्ये एक तपकिरी पिल्लू होतं, डोक्यावर लाल टिळा अजून न उमटलेलं. ते दर वेळी चुकीच्या दांड्यावर उतरत होतं आणि दोघं परत उठून त्याच्यापाशी जात होते.

१९३० च्या दशकात या राज्यात विणीच्या जेमतेम २५ जोड्या उरल्याचा अंदाज होता. १९३७ मध्ये लिओपोल्डनी क्रौंचांवर जो लेख लिहिला तो जवळजवळ मृत्युलेखच आहे. बाबा ओठ हलवत मोजत होते. या वेळी मी तोंड उघडलं नाही.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी आंतरराष्ट्रीय क्रेन फाउंडेशन. १९७३ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी, जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉवी यांनी, सॉवींच्या घरच्या घोड्यांच्या फार्मवर सुरू केलं. जगातल्या क्रौंचांच्या पंधराही जाती इथं बघायला मिळतात.

पाट्या वाचत फिरायचं ठिकाण असेल असं वाटलं होतं, पण पाट्यांपेक्षा पक्षीच जास्त शिकवतात. व्हूपिंग क्रेन जातीचे क्रौंच १९४० च्या सुमारास विशीपर्यंत खाली आले होते. अंडी उबवून पिल्लं वाढवायची तर पिल्लू माणसालाच आई समजतं. म्हणून सांभाळणारे पांढरे झगे घालतात, तोंड झाकतात, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली, आणि एक शब्द बोलत नाहीत. टेक्स नावाच्या मादीवर असाच माणसांचा ठसा बसला होता, ती नराकडे बघेना. मग आर्चिबाल्ड स्वतः तिच्याबरोबर नाचले, तिचा नाच तिला परत दाखवला, ती अंडी घालेपर्यंत. १९८२ मध्ये त्यातून एक पिल्लू जगलं. बाबांनी ही गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा विचारलं, "सरकारी नोकरी होती की स्वतःच्या पैशानं नाचला?"

सायबेरियन क्रौंचासमोर ते बराच वेळ थांबले. भरतपूरला हे हिवाळ्यात यायचे. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर आले नाहीत. मी लहान असताना त्यांनी आम्हाला भरतपूरला न्यायचं दोनदा ठरवलं होतं, दोनदा परीक्षेचं काम निघालं. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

सारस शेवटी. उंची जवळजवळ बाबांएवढी, मान आणि डोकं लाल. "हा गोंदियात आहे," बाबांनी शेजारच्या अमेरिकन बाईंना मराठीत सांगितलं. बाईंनी मान डोलावली. वाल्मीकींचा क्रौंच हाच असं मानणारे पुष्कळ आहेत, तेही बाबांना सांगायचं होतं, पण तेवढं इंग्रजी जुळेना आणि मी मुद्दाम मदत केली नाही.

परतीच्या वाटेवर डेव्हिल्स लेकला अर्धा तास थांबलो. सुंदर आहे, गर्दी आहे.

गाडीत बाबा वही पुरी करत होते. मॅडिसन मागे पडलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

"अगं, काल पहिले क्रौंच किती वाजता आले?"

"सहा-सव्वासहा."

"माझ्याकडे चार चाळीस लिहिलंय. पहाटेचे." मनगट वर धरून बघितलं. "आणि तारीख रविवारची."

तिन्ही दिवसांच्या नोंदी भारतीय वेळेत पडल्या होत्या. गोल्डनरॉडची अळी रात्री साडेनऊला चिरली गेली होती आणि खुराड्यासमोरच्या बाकावर बाबा मध्यरात्री दीडला बसले होते. ते एकेक ओळ खोडत मागं आले, साडेदहा तास वजा करत, ओठ हलवत. इलिनॉयची हद्द आली तरी चाललंच होतं.

"पुढच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं घेतात म्हणालीस ना?"

"हो."

"मग त्यानंतर साडेअकरा वजा करायचे?"

"बाबा, घड्याळ लावून घ्या ना सरळ."

"आईनं आता चहा टाकला असेल," ते म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले.